सकाळी दहा वाजता बॅटरीत किती?

मुंबईत शंभर मेगावॅटची बॅटरी बसणार, अशा बातमीचं कात्रण कुणीतरी आमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावलं होतं. खाली एकाने पेनाने लिहिलं, "चला, आता मुंबईचे लाईट कधी जाणार नाहीत." त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात, बहुतेक मेकॅनिकलवाल्याच्या, "मग इलेक्ट्रिकलवाल्यांनी करायचं काय?" दुसरी ओळ वाचून हसलो. पहिल्या ओळीवरून मात्र मेसमध्ये आमच्या टेबलावर तासभर वाद झाला, काकांनी दिवे बंद करेपर्यंत. माझं म्हणणं इथे सविस्तर मांडतोय, कारण मेसमध्ये मला कुणी पूर्ण बोलूच दिलं नाही.

आधी मूळ गोष्ट. टाटा पॉवरने मुंबईत एकूण १०० मेगावॅटची बॅटरी साठवण यंत्रणा उभारण्याची योजना २०२५ मध्ये जाहीर केली. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने तिला मंजुरी दिली. सगळी बॅटरी एका जागी बसणार नाही. शहरात दहा ठिकाणी, वीज जिथे खपते त्याच्या जवळ ती विभागून बसेल आणि तिचा ताबा एका मध्यवर्ती ठिकाणी राहील. काम दोन वर्षांत पुरं करायचं, असं तेव्हा सांगितलं गेलं. बॅटरीकडून अपेक्षित कामांची यादी चांगली लांबलचक आहे. मागणी वाढेल त्या वेळी हातभार लावायचा, स्वस्त वेळेची वीज साठवून महाग वेळेला वापरायची, फ्रिक्वेन्सी सांभाळायची. आणि ब्लॅकआऊट झालाच तर मेट्रो, हॉस्पिटलं, विमानतळ, डेटा सेंटर यांना झटपट वीज परत मिळवून द्यायची.

माझं मत सरळ आहे. बॅटरी हवी. लवकर हवी. पण यादीतलं ते शेवटचं काम खरोखर व्हायचं असेल, तर बॅटरीतला एक हिस्सा त्याच कामासाठी कुलूपबंद ठेवावा लागेल. आणि त्या कुलपाची किल्ली रोजच्या नफ्यातोट्याचा हिशोब करणाऱ्याच्या हातात असून चालणार नाही. ते आयोगाच्या आदेशात स्वच्छ आकड्यात लिहिलेलं हवं.

हे कळायला आधी एक छोटी गोष्ट, जी व्हायवात विचारली की आपल्यातले निम्मे जण अडखळतात. बॅटरीला आकडे दोन असतात. मेगावॅट आणि मेगावॅट-तास. मुंबईच्या इमारतीत राहणाऱ्याला हे पटकन समजेल. गच्चीवर टाकी असते आणि टाकीला पाईप असतो. पाईप किती जाड, म्हणजे एका वेळी किती पाणी येईल, ते मेगावॅट. टाकी केवढी, म्हणजे नळ किती वेळ चालेल, ते मेगावॅट-तास. नुसता पाईपचा व्यास सांगून कुणी "आमच्याकडे भरपूर पाणी आहे" म्हणालं, तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याला कुणी सोडणार नाही. विजेच्या बाबतीत मात्र पेपरच्या मथळ्यात एकटा मेगावॅट असतो आणि आपण खूश होतो. खावड्याला अदानी समूहाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बॅटरी जाहीर केली, तेव्हा दोन्ही आकडे दिले होते: १,१२६ मेगावॅट आणि ३,५३० मेगावॅट-तास. भागाकार केला की तीन तासांच्या जरासं वर. आकडा असा सांगायचा असतो.

आता शंभर मेगावॅट म्हणजे मुंबईच्या मानाने किती? उन्हाळ्यात मुंबईची कमाल मागणी ४,००० मेगावॅटच्या वर जाते. म्हणजे झाला चाळिसावा हिस्सा. एवढ्यावर शहर चालत नाही, एक तासही नाही. तेव्हा "लाईट कधी जाणार नाहीत" हे विसरा. लाईट जातील. प्रश्न एवढाच की गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय होईल.

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईतल्या कुणालाही विचारा. दहाच्या सुमारास सगळं शहर, ठाणे आणि नवी मुंबईचा बराचसा भाग धरून, एकदम बंद पडलं. कळवा-पडघे भागातल्या ४०० केव्ही लाइन्सवरचा बिघाड निमित्त झाला. मुंबईला अशा वेळी बाहेरच्या ग्रिडपासून वेगळं काढून स्वतःच्या विजेवर तगवून ठेवायची 'आयलंडिंग'ची व्यवस्था १९८१ पासून आहे, आणि तिचा आपल्याला फार अभिमान. त्या दिवशी ती टिकली नाही. शहराच्या आसपास होणारी निर्मिती आणि शहराची मागणी यांचा मेळच बसला नाही. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मी तेव्हा दहावीत होतो, परळला, चाळीत. ऑनलाईन तास बंद पडला म्हणून आम्हा पोरांना आनंद झाला होता, हे खोटं कशाला सांगू. पण समोरच्या खोलीतल्या काकू चार दिवसांपूर्वीच कोविड वॉर्डातून घरी आल्या होत्या आणि त्यांच्याकडे भाड्याने आणलेलं ऑक्सिजनचं मशीन होतं. ते प्लगवर चालणारं. सिलिंडर नव्हता. त्यांच्या मुलाने आधी शेजारच्या बिल्डिंगमध्ये इन्व्हर्टर आहे का विचारलं, मग मंडळाच्या पोरांनी कुठूनतरी सिलिंडर मिळवला आणि दोघांनी तो खांद्यावरून तीन मजले चढवला. काकू सुखरूप आहेत, काळजी नको. पण त्या दिवशी चाळीत कुणी मेगावॅट विचारत नव्हतं. "किती वेळ लागेल?" एवढा एकच प्रश्न होता. पुढे २७ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी, दक्षिण आणि मध्य मुंबईत पुन्हा वीज गेली, आणि तीही सकाळी दहाच्याच सुमारास.

सकाळी दहा ही वेळ लक्षात ठेवा. माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

बॅटरीचा एक दिवस कसा जाईल बघा. आज देशात विजेच्या बाजारात सगळ्यात स्वस्त वीज दुपारी मिळते, कारण सोलर. सगळ्यात महाग मिळते ती सूर्य मावळल्यावर. म्हणून पैशाचा विचार करणारा कुणीही शहाणा माणूस बॅटरी साधारण अकरा ते चार भरणार आणि संध्याकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंत रिकामी करणार. उरलंसुरलं असेल ते सकाळी सात-आठच्या गर्दीत, गिझर आणि पंप चालू असताना, विकून टाकणार. त्यात काही गैर नाही, बॅटरी त्याचसाठी घेतात. पण मग चोवीस तासांत ती सगळ्यात जास्त रिकामी कधी असेल? सकाळी नऊ-दहाला! म्हणजे ज्या वेळी मुंबई दोनदा अंधारात गेली, नेमकी त्याच वेळी.

फ्रिक्वेन्सी सांभाळणाऱ्याला बॅटरी अर्धी भरलेली हवी असते, म्हणजे गरज पडेल तशी वीज देताही येते आणि घेताही येते. मागणीची शिखरं कापणाऱ्याला ती सहाला काठोकाठ आणि अकराला कोरडी हवी. ब्लॅकआऊटनंतर शहर उभं करणाऱ्याला ती कधीच रिकामी नको. तिघांचं मागणं वेगळं आणि बॅटरी एक. योजनेच्या कागदावर तिन्ही कामं एकाखाली एक छान दिसतात, पण एकच युनिट दोनदा विकता येत नाही. आधीच ठरवलं नाही तर एक ना धड भाराभर चिंध्या व्हायला वेळ लागणार नाही.

"असं कुलूप लावून कुठे कोण बॅटरी चालवतं?" असा प्रश्न मेसमध्ये आला होता. चालवतात. आणि ज्या बॅटरीचं उदाहरण सगळे जण देतात तिच्याच बाबतीत हे झालं आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ ला वादळाने ट्रान्समिशनचे टॉवर पाडले आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. पुढच्या वर्षी टेस्लाच्या इलॉन मस्कने शंभर दिवसांत बॅटरी बसवून देतो, नाहीतर फुकट, अशी पैज लावली. ती त्याने जिंकली. जेम्सटाऊन गावाजवळची ही हॉर्न्सडेलची बॅटरी, १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तास, डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. पैजेची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. करारातली गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. त्या शंभरातले ७० मेगावॅट राज्य सरकारने ग्रिडच्या सुरक्षिततेसाठी बांधून घेतले होते, आणि मालक असलेल्या निओएन कंपनीला व्यापारासाठी मिळाले फक्त ३०. टाकीचा मोठा भाग व्यापाराकडे होता, कारण सुरक्षेचं काम मिनिटांचं असतं. पण पाईपचा मोठा भाग राखीव होता. म्हणजे काय राखायचं आणि किती, हे आधी बसून ठरवलं गेलं होतं.

बॅटरी सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच, १४ डिसेंबर २०१७ ला, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातला लॉय यांगचा ५६० मेगावॅटचा संच बंद पडला. फ्रिक्वेन्सी ४९.८० हर्ट्झपर्यंत उतरली. जवळजवळ हजार किलोमीटर लांब असलेल्या हॉर्न्सडेलने सेकंदाचा काही भाग जायच्या आत वीज सोडायला सुरुवात केली. किती सोडली असेल? जेमतेम ७.३ मेगावॅट. पेपरवाल्यांनी त्याचं "बॅटरीने देश वाचवला" करून टाकलं, ती अतिशयोक्तीच. ५६० पुढे सात म्हणजे काय! पण कोळशाचा संच स्टीमचे व्हॉल्व्ह उघडून विचार करेपर्यंत बॅटरी कामाला लागलेली असते, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

याच हॉर्न्सडेलला पुढे दंडही झाला, हे फार जणांना माहीत नसतं. २०१९ मध्ये काही महिने तिने बाजाराला फ्रिक्वेन्सीची जी सेवा देऊ केली होती, ती प्रत्यक्षात द्यायची तिची तयारी नव्हती. नियामकाने कोर्टात खेचलं आणि २०२२ मध्ये ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा दंड बसला. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या बॅटरीवर सुद्धा कुणीतरी मीटर लावून बसावं लागतं, मग आपण का लाजायचं?

आता थोडं टेक्निकल. बाकीच्या ब्रँचेसनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण गाळू नका, यात ढोलताशे आहेत.

बंद पडलेलं औष्णिक केंद्र स्वतःहून सुरू होत नाही. बॉयलरचे फीड पंप, पंखे, कोळशाच्या मिल्स चालवायला त्यालाच आधी बाहेरून वीज लागते. म्हणून ब्लॅकआऊटनंतर कुणीतरी एकाने शून्यातून व्होल्टेज उभं करायचं आणि बाकीच्यांना एकेक करून उठवायचं. यालाच ब्लॅक स्टार्ट म्हणतात. बॅटरीला हे जमतं का? जमतं, पण सगळ्याच बॅटऱ्यांना नाही. नेहमीचा इन्व्हर्टर पथकातल्या ढोलवाल्यासारखा असतो. ताशाचा ताल कानावर पडला की त्यावर तो दणदणीत वाजवेल, पण ताशा थांबला की त्याचा हात अडतो. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ऐकून तिच्यामागे जाणारा इन्व्हर्टर ग्रिडच मेलं तर गप्प बसतो. ब्लॅक स्टार्टला ताशेवाला इन्व्हर्टर लागतो. त्याला इंग्रजी पुस्तकात 'ग्रिड फॉर्मिंग' म्हणतात. पन्नास हर्ट्झचा ताल तो स्वतः धरतो आणि बाकीचे त्याच्यामागे येतात. तेव्हा दहा ठिकाणच्या बॅटऱ्यांपैकी किती ढोल आणि किती ताशे, हे विचारायलाच हवं. सगळेच ताशे असायची गरज नाही, पण एकही नसेल तर मिरवणूक निघणार नाही.

आणखी एक अडचण आहे. मोठा ट्रान्सफॉर्मर एकदम चार्ज केला की पहिल्या क्षणी त्याच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढतो. सेकंड इयरच्या लॅबमध्ये एमसीबी उगाच पडतो ना, तोच प्रकार. जुन्या पद्धतीचा जनरेटर काही क्षण पाच-सहा पट करंट देऊन ते निभावतो. इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर दीडपटीपर्यंतही जात नाहीत, स्वतःला वाचवायला आधीच बंद होतात. याला उपाय आहे, व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवत न्यायचं. पण तो कागदावर असून उपयोगाचा नाही, वर्षातून एकदा तरी खरोखर एखादा फीडर बंद करून, रात्री दोन वाजता का होईना, करून बघावा लागतो. तालीम न करता गणपतीत उभं राहणाऱ्या पथकाचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पैशाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. कुलूपबंद हिस्सा रोज पैसे मिळवणार नाही, मग त्याचं भाडं कोण भरणार? मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला, चुका काढायला मोकळे आहात. २०२२ मध्ये सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या लिलावात दोन तासांच्या बॅटरीचं भाडं दर मेगावॅटला महिन्याला १०.८३ लाख रुपये आलं होतं. २०२४ च्या अखेरीस राजस्थानात तोच आकडा, सरकारी मदत धरून, सव्वादोन लाखांच्या आसपास उतरला. दोन वर्षांत पाचवा हिस्सा! आता सव्वादोन लाख धरा आणि बॅटरी रोज एकदा भरून रिकामी केली असं माना. महिन्याला ६० मेगावॅट-तास, म्हणजे ६०,००० युनिट. एका युनिटच्या साठवणीला पावणेचार रुपये पडले. मुंबईची बॅटरीही दोन तासांची आहे असं हिशोबापुरतं गृहीत धरलं, तर टाकी झाली २०० मेगावॅट-तासांची. तिचा पाचवा हिस्सा कुलपात ठेवला तर ४० मेगावॅट-तास. म्हणजे ४० मेगावॅट एक तास, किंवा १० मेगावॅट चार तास. हॉस्पिटलं, पाण्याचे पंप, सिग्नल आणि बोगद्यात अडकलेली मेट्रो पुढच्या स्टेशनापर्यंत, एवढ्यासाठी ही काही थोडी वीज नाही.

या चाळीस हजार युनिटांचं रोजचं भाडं दीड लाख रुपये. ऐकायला खूप वाटतं. पण मुंबईची सरासरी मागणी २,५०० मेगावॅट धरली तर शहर रोज सहा कोटी युनिट वापरतं. दीड लाख भागिले सहा कोटी. युनिटमागे पाव पैसा! मुंबईत जागा महाग, सुरक्षेचा खर्च जास्त, म्हणून दुप्पट धरा, तिप्पट धरा, तरी एक पैसा होत नाही. महिन्याला तीनशे युनिट जाळणाऱ्या घराला तिप्पट हिशोबानेही सव्वादोन रुपये. कटिंग चहा सुद्धा येत नाही यात.

माझा रूम पार्टनर कोकणातला, त्याचा आक्षेप वेगळा होता आणि वादात तोच सगळ्यात तगडा होता. तो म्हणाला, ब्लॅक स्टार्टला बॅटरी कशाला? घाटाखाली धरणाच्या पाण्यावरची केंद्रं आहेत की. खरंय. खोपोली १९१५ पासून, भिवपुरी १९२२ पासून, भिरा १९२७ पासून. मुंबईच्या गिरण्या आणि ट्रॅम याच पाण्यावर चालल्या. जलविद्युत केंद्राला सुरू व्हायला फार कमी वीज लागते, एवढ्याशा डिझेल सेटवर ते उठतं, म्हणून जगभर ब्लॅक स्टार्टसाठी पहिली पसंती त्यालाच. वळवणचा तलाव म्हणजे शंभर वर्षं जुनी बॅटरीच म्हणा ना. मी त्याला एवढंच म्हटलं की पाणी घाटाखाली आणि हॉस्पिटल परळला. मधे लाइन आहे, आणि २०२० मध्ये निमित्त झालं होतं ते लाइनचंच. बॅटरी शहराच्या आत, लोडच्या शेजारी असेल. पहिला अर्धा तास तिने काढावा, तोवर घाटाखालचं पाणी पोचेल. दोघांनी मिळून करायचं काम आहे हे. शिवाय तलाव एका संध्याकाळच्या भावासाठी कुणी तळापर्यंत रिकामा करत नाही. बॅटरीच्या बाबतीत तसा मोह रोज संध्याकाळी होणार. यावर तो गप्प बसला, पण पटलं म्हणून की झोप आली म्हणून, सांगता येत नाही.

आगीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सोडता येणार नाही, कारण दहाही जागा माणसांच्या गर्दीत असणार. १६ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला ३०० मेगावॅटच्या बॅटरीला आग लागली आणि हजाराहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. ती बॅटरी जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये, बंद इमारतीत, दाटीवाटीने रचलेली होती. एक पेटली आणि आग पसरत गेली. याउलट ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ जुलै २०२१ मध्ये चाचणीच्या वेळी आग लागली तेव्हा पेट्या उघड्यावर होत्या, त्यामुळे दोनच जळल्या. तरी ती विझली असं म्हणायला चार दिवस लागले. आणि २०१९ मध्ये ॲरिझोनात अवघ्या दोन मेगावॅटच्या बॅटरीच्या खोलीचं दार अग्निशमनवाल्यांनी उघडलं, आत साठलेल्या वायूचा स्फोट झाला, जवान गंभीर जखमी झाले. बॅटरी लहान होती, माहिती कमी होती.

मुंबईत जागा नाही म्हणून बेसमेंटमध्ये किंवा मजल्यावर मजला रचून बॅटऱ्या ठेवायची कल्पना कुणाला सुचली, तर ती पहिल्याच मीटिंगला हाणून पाडायला हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल तुलनेने कमी भडकतात, ते वापरावेत, पेट्या उघड्यावर ठेवाव्यात, मधे अंतर सोडावं. आणि त्या त्या भागातल्या फायर स्टेशनच्या माणसांना आधी जागेवर नेऊन दाखवावं की कुठलं दार उघडायचं नाही. पहिला बंब येतो तेव्हा त्यातल्या जवानाला पेटीत काय आहे हे माहीत नसणं, याच्याइतकी वाईट गोष्ट नाही.

वीज नियामक आयोग कुठल्याही मोठ्या याचिकेवर लोकांकडून सूचना आणि हरकती मागवतो. पेपरात जाहिरात येते, बारीक टाईपात, टेंडर नोटिसांच्या शेजारी, म्हणून आपण वाचत नाही. हरकत पाठवायला वकील लागत नाही, साधं पत्र चालतं, आणि मराठीत चालतं. बॅटरीच्या खर्चाचा विषय दरवाढीच्या सुनावणीत येईलच, तेव्हा आपल्या कॉलेजातून एक पत्र जावं अशी माझी इच्छा आहे. मी कच्चं लिहून ठेवलंय. मेगावॅटसोबत मेगावॅट-तास जाहीर करा. ब्लॅक स्टार्टसाठी किती टक्के राखीव, ते आदेशात लिहा. दहांपैकी कुठल्या ठिकाणी ग्रिड फॉर्मिंग इन्व्हर्टर आहेत, सांगा. वर्षातून एकदा प्रत्यक्ष तालीम करा आणि निकाल छापा. आणि रोज सकाळी दहा वाजता दहाही बॅटऱ्या किती टक्के भरलेल्या होत्या, ते महिन्याच्या शेवटी वेबसाइटवर टाका.

पॉवर सिस्टीमच्या मॅडमनी मसुदा वाचून दोन ठिकाणी लाल पेन चालवलंय, ते दुरुस्त करतोय. सही करायची असेल त्यांनी ब्लॉक दोन, खोली सतरामध्ये यावं. सबमिशनच्या आठवड्याच्या आधी या, त्या आठवड्यात मी कुणालाच सापडत नाही.